भोपळा तिचा, पाणी माझं

तुम्हीबी लालबीचंच विचारायला आलाय व्हय? बसा पावणं. त्या खालच्या पायरीवर नगं, शेवाळ हाय, पाय घसरंल. वर बसा. ती मेली त्याला आता दोन वर्सं व्हायला आली, तरी कुरुंदवाडच्या ह्या घाटावर येणारा माणूस पहिल्यांदा तिचंच नाव काढतोय. मी इथं जित्ती बसलोय, ह्या वयात पंचगंगा ह्या काठापासनं त्या काठापर्यंत पार करतो, पर माझं कोण विचारत न्हाय. मी अंबूबाई, गुंडू नावाड्याची बायको. आदी माझं नाव लिहून घ्या, मग तिचं सांगतो.

लालबी माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या परड्यात एक तुराट्यांचा कूड, बाकी काय न्हाय. तिचा नवरा मीरासाब बाजारात दोरखंड विकायचा. आता एक गोष्ट नीट ऐका, ही तुम्हाला गावात कोण सांगायचं न्हाय. जिच्या भोपळ्यावर अर्ध्या गावाची पोरं पवायला शिकली, त्या बाईला सवताला पवायला येत न्हवतं. चाळीस वर्सं नदीकाठी राहिली, पर पाणी कवा गुडघ्याच्या वर चढू दिलं न्हाय.

भोपळा म्हंजे खायचा न्हवं. दुध्याच्याच जातीचा, पर कडू आणि घागरीएवढा. येल वाळला की ती भोपळं उतरायची, चुलीवरच्या आढ्याला टांगून धुरात वाळवायची, मग जवसाचं तेल चोळायची. उन्हाळा लागला की एकेक भोपळा घंगाळातल्या पाण्यात दाबून ठेवायची, वर दगूड. दुसऱ्या दिवशी पुसून मीरासाबच्या तागडीत तोलायची. आदीचं वजन आणि आत्ताचं वजन एक आलं तर भोपळा पास. चिमूटभर जरी वाढलं तरी ह्यानं पाणी पिलंय म्हणायची आणि दगडानं फोडून टाकायची, कुणी उचलून वापराय नगं म्हणून. एका तागडीत सगळ्या गावाची पोरं तोलल्यागत तिचा थाट असायचा.

बांधायचीबी तिची तऱ्हा हुती. जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांची जाळी करायची, त्यात भोपळा घालायची आणि पोराच्या पाठीला बांधायची. पट्ट्या आदी भिजवायच्या, मग गाठ मारायची. कोरडी गाठ पाण्यात गेल्यावर काय करंल सांगता येत न्हाय म्हणायची. आई सवता मागायला आल्याशिवाय पोराला भोपळा द्यायची न्हाय. नुकतंच जेवून आलेल्याला द्यायची न्हाय. आणि मिरगाचं पाणी तांबडं झालं की सगळं भोपळं माघारी, मग पोरगं पाटलाचं असू दे न्हाय तर फौजदाराचं. तवर घाटावर तिसऱ्या पायरीला बसून राहायची, शेजारी एक जादा भोपळा, त्याला मीरासाबच्या दुकानातली लांब दोरी. हे सगळं फुकट बरं का. म्हणूनच गावाला तिचं कौतुक.

फुकट म्हणजे, एक रीत हुती. पोरगं ज्या दिवशी भोपळा सोडून मोकळं पवतंय, त्या दिवशी त्याच्या आईनं भोपळेवालीच्या घरी वाडीच्या पेढ्याचा पुडा न्यायचा. मे महिना सरंपर्यंत तिच्या उंबऱ्यावर पुड्यांची रास लागायची. कुडाच्या अलीकडं मी भाकऱ्या थापत बसलेलो असायचो आणि खव्याचा वास यायचा. ती मला त्यातलं चार पेढं वाटीत घालून कुडावरनं द्यायची. मी घ्यायचो आणि शेजारच्या पोरांना वाटून टाकायचो. एकबी कवा तोंडात घातला न्हाय. सरळ सांगतो, पोटात दुखायचं.

आणि का दुखू नये? मला कुणी भोपळा बांधला न्हवता. माझं माहेर किस्नाकाठचं. म्हशीचं शेपूट धरून पाण्यात गेलो आणि शेपूट सुटलं तवा पवायला आलं, एवढंच माझं शिक्षण. लग्नानंतर गुंडूच्या नावंचा सुटलेला दोर मी भर पाण्यातनं दातात धरून आणलाय. पर पिकतं तिथं इकत न्हाय. नदीत राहणाऱ्या बाईला कोण पेढं देत न्हाय, आणि काठावर बसणारीला लोक मावशी म्हणत्यात.

एक्क्याण्णव साली मी म्हटलं, आपणच पोरं शिकवू की. माझी पद्धत सोपी. पोराला पायरीवर उभं करायचं आणि ढकलायचं, आपसूक हातपाय मारतंय. पहिलं पोरगं आलं ते तानाबाईचं थोरलं. ढकललं. त्यानं हातपाय मारलंच न्हाईत, दगडागत खाली गेलं. मी लगेच काढलं बरं का, पर तवर नाकातोंडात पाणी जाऊन पोराचं डोळं पांढरं झालं. तानाबाईनं घाटावर माझी सात पिढ्यांची उजळणी केली आणि दुसऱ्या दिवशी पोरगं घेऊन लालबीच्या दारात. इसाव्या दिवशी ते पवायला लागलं. पुडा कुठं गेला ते सांगायला नगंच.

त्यानंतरचं तर त्याहून वाईट. पंच्याण्णव सालचा उन्हाळा. तालमीतला संग्राम म्हणून एक दांडगा गडी, दंड ह्या एवढालं, पर पवणं कच्चं. दोस्तांना दाखवायला डोहाकडं गेला आणि दमला. हात वर कराय लागला. मी वरच्या पायरीवर धुणं धुत हुतो. लुगड्याचा काचा मारला आणि घेतली उडी. चार हातांत त्याला गाठला. त्यानं काय केलं असंल? माझ्या गळ्याला मिठी मारली. बुडणारा माणूस माणूस राहत न्हाय, पावणं. मी त्याला लाथ मारली, चावलो, तरी सोडंना. दोघं खाली गेलो. वर आलो, परत खाली गेलो. माझं सगळं पवणं त्याच्या दोन हातांत अडकून पडलं. तेवढ्यात डोस्क्यावर काय तरी आपटलं. लालबीचा भोपळा. तिसऱ्या पायरीवरनं बसल्या जाग्यावरनं तिनं फेकलता, दोरीचं दुसरं टोक दगडी खांबाला गुंडाळलेलं. संग्रामनं मला सोडून भोपळा धरला, मी दोरी धरली, आणि वरनं चौघांनी आम्हाला ओढून काढलं. बुडत्याला हात देऊ नये, वस्तू द्यावी, असं ती पयल्यापासनं सांगायची आणि मी हसायचो.

माझा जीव वाचला. उपकार मानायचं सोडून मला काय झालं असंल? अंगाचा तिळपापड. कारण त्या रात्री गावभर एकच गोष्ट, लालबीनं बसल्या जाग्यावरनं दोन माणसं काढली. उडी माझी, नाव तिचं. मी त्या गोष्टीत कोण, तर काढलेलं दुसरं माणूस.

मग मीबी परड्यात भोपळ्याचा येल लावला. तिनंच बी दिलं मागितल्यावर, ते एक सोडा. दोन वर्सं काय धरलं न्हाय. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात लावलेल्या येलाला एक भोपळा धरला, आणि असा धरला की तिच्या येलावर तसला कवा आला न्हवता. मी धुरात वाळवला, तेल चोळलं. अठ्ठ्याण्णवच्या चैतात तिच्याकडं घेऊन गेलो. ह्या वर्सी पोरांना माझाबी एक भोपळा, असं मनात. तिनं फिरवून बघितला, बोटानं वाजवला, कानाला लावला. मग देठाजवळ नख टेकवलं. सुईच्या टोकाएवढं भोक. किडं लागलतं.

"हा न्हाय चालायचा, अंबाक्का. फोड," म्हणाली.

मी म्हटलं, एवढ्याशा भोकानं काय हुतंय? तुला काय ठावं, तू कवा पाण्यात उतरलीयास? तिला राग आला न्हाय. तिला राग यायचाच न्हाय, हे एक तिचं दुखणं हुतं, म्हंजे माझं.

"म्हणून तर," म्हणाली. "मला पवता येत न्हाय, मी भितो. तुला पवता येतंय, तू भीत न्हाईस. पोराचा भोपळा भिणाऱ्यानंच बघावा."

मी भोपळा घरी आणला. फोडला न्हाय.

मग आली एक मे. शाळेत झेंडा झाल्यावर हेडमास्तरांनी लालबीचा सत्कार ठेवलता. साडी, नारळ, हार. सगळा गाव पटांगणात. आणि हाराचं ताट धराय कुणाला बोलवलं? मला. शेजारीण म्हणून. मी ताट धरून उभी, आणि हेडमास्तर माईकवर सांगत्यात, ह्या माउलीनं दोन जीव वाचवले, त्यातला एक जीव आपल्यात हाय, आपल्या अंबूबाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, ताट हितंच आपटावं. हसत उभी राहिलो. त्याच दिवशी घरी येऊन मी माझा भोपळा काढला.

मेणबत्तीचं मेण वितळवलं, त्यात चुलीतली काजळी घातली आणि भोक बुजवलं. वरनं तेल चोळलं. बघून कोण म्हणंल फुटकाय? लालबी करायची तशीच लुगड्याच्या पट्ट्यांची जाळी चढवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दूध आणायला गेली तवा तिच्या पडवीत गेलो. तागडीत पास झालेलं अकरा भोपळं सकाळसाठी वळीनं टांगलेलं हुतं. त्यातला एक काढला आणि माझा अडकवला. काढलेला घरात पाटीखाली झाकला.

आता तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा. पोर मरावं असं माझ्या मनात न्हवतं, ह्या पाण्याची आण. मी म्हटलं, मेण पाण्यात सुटंल, भोपळा हळूहळू पाणी पिईल, पोरगं जड हुईल, रडंल. मी तिथंच पाण्यात असणार. मी काढीन. म्हंजे तिच्या भोपळ्यानं बुडवलं आणि माझ्या हातानं काढलं. एकदा तरी गोष्ट अशी सांगितली जावी. एवढंच मला पायजे हुतं.

सकाळी घाटावर गेलो. लालबीनं तिसऱ्या पायरीवर बसून पोरांना भोपळं बांधलं. मी कमरंएवढ्या पाण्यात उभी राहिलो आणि बघाय लागलो, माझा कुणाच्या पाठीवर हाय. आणि मला वळखू येईना. मीच इतका बेमालूम बुजवलता की सगळं एकसारखं. ओली जाळी, काळं देठ. तानाबाईचं धाकटं अतुल तेवढं वर पायरीवर फुगून बसलतं, काय तरी खोडी केली असंल म्हणून बोलणी खाल्ली असतील असं मला वाटलं. बाकीची धडाधड पाण्यात. ह्याच्याकडं बघावं तर तो तिकडं लांब. मला दोनच डोळं, दोनच हात. एकाला काढीन म्हणून ठरवून आलतो, पर कुठल्या एकाला? आणि दोन भर पाण्यात गेली तर? गुंडू नाव घेऊन मधी हुता, त्याला हाक मारावी तर काय सांगून मारावी? मला पाण्याची भीती म्हंजे काय ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, सत्तेचाळीसाव्या वर्सी.

तरी मी बोललो न्हाय. पोरांच्या मागं मागं पवत राहिलो. बोललो असतो तर गावात तोंड राहिलं नसतं.

तेवढ्यात लालबीनं हाक मारली. तिच्या कडंला जोया हुती, तिची नात. इचलकरंजीला तिचा ल्योक मागावर कामाला, त्याची पोरगी, सात वर्सांची, उन्हाळ्याच्या सुट्टीला आलेली. ही पोरगी म्हंजे, पावणं, मला पोरबाळ न्हाय. ती सुट्टीला आली की सकाळची आंघोळ तेवढी दादीकडं, बाकी सगळा दिवस माझ्या घरात. अंबाआज्जी म्हणायची. माझ्या हातचं दहीभात खाल्ल्याशिवाय झोपायची न्हाय. तेवढी एक गोष्ट माझी हुती, जी लालबीला मिळत न्हवती. तिच्या पाठीला भोपळा बांधलेला.

"अंबाक्का, हिचा आज पहिला दिवस. हिला तू घे," लालबी म्हणाली आणि पोरगी माझ्या हातात दिली.

मी तिला पायरीवरनं घेऊन माघारी कमरंएवढ्या पाण्यात आलो, ती माझ्या गळ्याला बिलगली. मी तिच्या पाठीमागं हात घालून भोपळ्याचा देठ चाचपला. जाळीवरनं काय कळंना. आणि मग माझ्या तोंडातनं आपोआप निघालं, आख्ख्या घाटाला ऐकू जाईल असं.

"सगळी पोरं भाईर काढा. एक भोपळा फुटका हाय. मीच ठेवलाय."

मग आया धावल्या. लुगड्यानिशी पाण्यात शिरल्या, पोरं ओढून काढली. मधी नावंत गुंडू वल्हं तसंच धरून माझ्याकडं बघत राहिला. तानाबाई काय काय बोलली ते मी ऐकलं, पर माझ्या डोस्क्यात शिरलं न्हाय. मी जोयाला वर धरून तशीच उभी.

लालबी एक पायरी उतरली. मग दुसरी. पाणी तिच्या घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. त्याच्या वर ती कवा गेली न्हवती, त्या दिवशी कमरंपर्यंत आली, एका हातानं दोरी धरून. जवळ आली आणि हळूच बोलली, फक्त मला ऐकू येईल असं.

"फुटका घरात हाय. पहाटं परत तोलताना गावला. तुझं देठ मी वळखतो, अंबाक्का. दहाच आणल्यात आज. अतुल उगंच बसलाय व्हय वर?"

मी पायरीवर बघितलं. अतुल अजून फुगून बसलता.

मी म्हटलं, मग तुला ठावं हुतं. ठावं असून पोरगी माझ्या हातात दिलीस?

"भोपळ्यात खोट करशील तू," म्हणाली. "पाण्यात न्हाय करायचीस."

शिव्या दिल्या असत्या तर मी दुप्पट दिल्या असत्या. झिंज्या उपटल्या असत्या तर मीबी उपटल्या असत्या. हे असलं काय तरी बोलल्यावर माणसानं करायचं काय? मी जोयाला तिच्याकडं द्याय लागलो, म्हटलं निघतो. तर म्हणती कशी, कुठं निघालीस, पोरगी पाण्यात हाय. आणि माझा चांगला भोपळा तेवढा संध्याकाळी आणून दे. आणि वळून, दोरी धरून, काठावर गेली.

हात दाखवून अवलक्षण म्हंत्यात ते हेच. तिचं नाव घालवाय निघालतो, माझंच गेलं. ती बोलली ते एकट्या मला ऐकू आलं, मी बोललो ते सगळ्या गावाला. गुंडू आठ दिवस माझ्याशी बोलला न्हाय. घाटावर मी धुण्याला बसलो की शेजारच्या बाया बादल्या उचलून लांब जायच्या. लालबीनं कुणाला काय सांगितलं, काय न्हाय, मला ठावं न्हाय. पर रोज सकाळी सात वाजता जोया माझ्या दारात, पाठीला भोपळा, ओल्या पट्ट्यांची गाठ. दादीनं पाठवलंय म्हणायची. ढकलायचं न्हाय म्हणून सांगितलंय, असंबी म्हणायची. मी ढकललं न्हाय. पोटाखाली हात धरून शिकवलं. आणि लालबी तिसऱ्या पायरीवर, दोरी आणि जादा भोपळा घेऊन, माझ्यावर नजर ठेवून. इश्वास ठेवला, पर दोरी सोडली न्हाय बाईनं.

सतराव्या दिवशी मी जोयाच्या पाठीचा भोपळा सोडला. पोरगी सुटली ती सरळ गुंडूच्या नावंपर्यंत पवत गेली, नावंला हात लावला आणि माघारी आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, नदीत कोण बघतंय म्हणून मी पुसलं न्हाय.

त्याच दिवशी दुपारी दारात जोया, हातात वाडीच्या पेढ्याचा पुडा. मी म्हटलं, हे माझं न्हवं, रीत भोपळेवालीची हाय. तर पोरगी पाठ केल्यागत म्हणाली, भोपळा घरचाच हाय, घरच्याला कशाला पेढं, दादी म्हणाली ज्यानं पवायला शिकवलं त्याला दे.

तर हे लालबीचं. आता घाटावर भोपळं न्हाईत, पोरं पाठीला प्लॅस्टिकचं कॅन बांधत्यात. ते कॅन मी रोज पाण्यात दाबून बघतो, बुडबुडा आला की दगडानं फोडतो, आणि आयांच्या शिव्या खातो. तिला कवा कुणी शिवी दिली न्हाय ह्याच कामासाठी, तेबी लिहा. आणि हेबी लिहा की चाळीस वर्सांत ह्या घाटावर अंबूबाईला एकच पेढ्याचा पुडा आला, आणि तोबी तिनंच धाडलेला. तेवढं एक तरी माझं असू द्यायचं हुतं की तिनं. त्या दुपारी दार लावून बसलो आणि एकटीनं सगळा खाल्ला, कुणाला एक दिला न्हाय.